मधूभाऊजींचं माप

आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाचा वेळ वाया जायला नको. या गोष्टीत भूत नाही. पांढरी साडी नाही, पैंजण नाहीत, पिंपळाचं झाड नाही. कोणी दिसलं नाही, कोणाचा आवाज आला नाही. मला असल्या गोष्टींचा मुळातच कंटाळा. माहेरी वर्ध्याला आमच्या शेजारच्या काकू दर अमावास्येला कोणाच्या तरी अंगात आलेलं बघून यायच्या, आणि मी त्यांना तोंडावर विचारायची — काकू, ते नेहमी तुमच्याच ओळखीच्यांच्या अंगात कसं येतं हो? आई मागून चिमटा काढायची. तर मी अशी. आता गुडघे म्हातारे झाले, तोंड झालं नाही.

पण एक गोष्ट माझ्याकडून सुटत नाही. ती आहे सुतळीची... म्हणजे ड्रेस आणायला नेलेल्या मापाच्या सुतळीची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझं लग्न झालं एकाहत्तर साली, सिंदीला. वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं तासाभराच्या आत येणारं गाव. हे तिथल्याच शाळेत मास्तर. मामंजी — माझे सासरे — कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, घरी. दोन खोल्या, ओटा, मागे न्हाणी आणि विहीर. घरात भांडण नाही, आरडाओरडा नाही. पहिले काही महिने मला वाटलं, काय शांत माणसं मिळाली! मग कळलं की ही शांतता नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतो ना, तसं सगळं घरच बधिर होतं. चिमटा काढला तरी कोणी हाय म्हणणार नाही.

कारण कळलं ते पोळ्याला. ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याला खरे बैल सजतात, आणि दुसऱ्या दिवशी असतो तान्हा पोळा, लेकरांचा. लेकरं चाकं लावलेले लाकडी बैल दोरीनं ओढत तोरणाखाली नेतात, आणि स्वतःही नटतात. कोणी शिवाजी, कोणी भारतमाता, कोणी पोलीस, कोणी डोक्यावर मोरपीस खोचून कृष्ण. मग घरोघरी त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे खाऊ आणि सुटे पैसे. सिंदीत तर या दिवसाचं कौतुक दिवाळीपेक्षा जास्त. आणि त्या दिवशी आमच्या घराचं दार सकाळपासून लोटलेलं. मी नवी सून, हौशी, ओट्यावर जाऊन उभी राहिले तर मामंजी म्हणाले, "सुमन, घरात ये बेटा." बस, एवढंच.

शेजारच्या ताईंनी सांगितलं मग. यांना एक धाकटा भाऊ होता, मधू. सहा वर्षांचा असताना तान्ह्या पोळ्याला गेला आणि परत आला नाही. आत्याबाईंनी स्वतः मशीनवर त्याला फौजदाराचा ड्रेस शिवला होता, खाकी, कमरेला पट्टा. यांचा हात धरून गेलता. हे तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. गर्दीत हात सुटला. गावातल्या विहिरी पाहिल्या, नाला पाहिला, आजूबाजूची गावं पालथी घातली. स्टेशनवर एक जण म्हणाला, एवढंसं पोरगं गाडीत चढताना पाहिलं. दुसरा म्हणाला, छट्, कोणी नव्हतं. पोरगं सापडलं नाही, काही खूणही सापडली नाही.

असं हरवलेलं माणूस बारा वर्षं आलं नाही तर पळसाचा पुतळा करून त्याचे विधी करतात. नातेवाईकांनी तसं सुचवलं होतं. आत्याबाई म्हणाल्या म्हणे, "मले कोणी येऊन सांगतलं काय, का तो गेला? मंग मी कायले आंघोळ करू?" मेल्याची बातमी आली की डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही आपली रीत. बातमी नाही तर आंघोळ नाही. म्हणून त्या घरात मधूभाऊजींचं सुतकही नव्हतं आणि सणही नव्हता. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती, ती कोणी काढत नसे.

आमचा संजू झाला. चार वर्षांचा होईपर्यंत त्याला काही कळलं नाही. पाचवं लागलं आणि त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला तो खिडकीच्या गजाला लटकून बाहेरची लेकरं बघत राहिला. रडला असता तर परवडलं असतं. रडला नाही. त्या घरातल्या माणसांसारखाच गप्प बघत राहिला. ते पाहून माझं डोकं फिरलं. पुढच्या वर्षी पोळा आठ दिवसांवर आला तेव्हा मी स्वयंपाकघरातूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "एक पोरगं हरवलं म्हणून दुसरं कोंडून ठेवायचं का? संजू यंदा पोळ्यात जाणार. मी जाते सोबत. हात नाही सोडत त्याचा!"

हे उठून बाहेर गेले. मामंजींनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई ज्वारी निवडत होत्या. मला वाटलं आता रडारड होणार, मी तयारीत होते. त्या म्हणाल्या, "ने. पण मशीन नाई चालवाची. ड्रेस इकतचा आण. अना लेकराले गाडीत नाई बसवाचं. तू एकटी जाऊन आण." झालं. पुन्हा ज्वारी.

आता ड्रेस मिळणार वर्ध्याला, आणि पोराला न्यायचं नाही. त्यात अडचण अशी काही नव्हती. तेव्हा आमच्याकडे अशीच पद्धत होती. खेड्यातली माणसं लेकराचे कपडे आणायला जाताना लेकरू नेत नसत, सुतळी नेत. एका टोकापासून छातीएवढ्या अंतरावर एक गाठ, आणि त्याच टोकापासून खांदा ते पायाच्या घोट्यापर्यंत दुसरी गाठ. दुकानदार ती गजावर, म्हणजे मोजायच्या पट्टीवर धरतो, मापाचा कपडा काढून देतो. मी तर लग्नाआधी शिवणक्लासची परीक्षा पास झालेली बाई! माप घ्यायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती. संजूला उभा केला, हसवत हसवत माप घेतलं, गाठी मारल्या, सुतळी गुंडाळून पिशवीत टाकली आणि सकाळच्या पॅसेंजरनं वर्ध्याला गेले.

मेन रोडच्या मागच्या गल्लीत एक दुकान होतं. नाटकाचे, गॅदरिंगचे, दंडारीच्या खेळाचे ड्रेस मिळायचे, विकत आणि भाड्यानंही. लहानांचे खाली, मोठ्यांचे वर माळ्यावर. पुठ्ठ्याचे मुकुट एकात एक घालून ठेवलेले, गदा, लाकडी तलवारी, खोक्यात दाढ्या आणि मिशा. सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास. मालक शेठजी, जाडजूड, तोंडात पान, निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलणारे. पोळ्याचा सीझन, बायकांची ही गर्दी. माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, राजाचा ड्रेस दाखवा, आणि सुतळी दिली.

शेठजींनी ती गजावर लावली. पुन्हा लावली. "बहनजी, कोणासाठी घेऊन राह्यल्या?"

"मुलासाठी."

"केवढा आहे मुलगा?"

"सहावं लागेल आता."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग दाढी-वाढी करत असेल तो सहा वर्षाचा. छाती चौतीस आहे याची!"

बाजूच्या बायका खो खो हसल्या. मी सुतळी ओढून घेतली आणि स्वतः गजावर धरली. छाती चौतीस. आणि लांबीची गाठ... गज संपला तरी सुतळी उरली. चांगल्या उभ्या बाप्याचं माप होतं ते. मला घाम फुटला, भीतीनं नाही, रागानं. म्हटलं, सासूनं सुतळी बदलली! मला गावासमोर तोंडघशी पाडायचं होतं तिला. अंदाजानं एक लहान ड्रेस घेतला. लाल मखमली अंगरखा, जरीची किनार, चमकीचा मुकुट. आणि तरातरा स्टेशनवर आले.

घरी आल्या आल्या विचारलं, "आत्याबाई, माझ्या पिशवीतली सुतळी कोणी बदलली?"

त्यांनी माझं म्हणणं ऐकलंच नाही जणू. म्हणाल्या, "किती भरलं?"

"चौतीस छाती! सहा वर्षांच्या पोराची!"

"अना उंची?"

मी हातानं दाखवली. आत्याबाई उठल्या. स्वतःचा हात डोक्याच्या वर नेला, हवेत तळवा आडवा धरला आणि त्या रिकाम्या जागेकडे खालून वर बघितलं. "म्हंजे इतका," म्हणाल्या. आणि चुलीकडे गेल्या. मला तेव्हा काहीच कळलं नाही. म्हातारीचं डोकं फिरलंय असं वाटलं, खरं सांगते.

संजूचा अंगरखा ढगळ झाला, मी पिना लावल्या. पोळ्यात त्याचा हात मी असा धरला होता की त्याच्या मनगटावर बोटं उमटली. पण गेलं लेकरू. बोजाऱ्याचे पैसे मुठीत घेऊन घरी आला आणि सगळ्यांना दाखवत सुटला.

दुसऱ्या वर्षी मी काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. सुतळी घेतलीच नाही. लाल जाड दोरा घेतला, गाठी शिवणक्लासच्या पद्धतीच्या दुहेरी मारल्या, ज्या त्या घरात दुसऱ्या कोणाला येत नव्हत्या. वर टेपनं मोजून आकडे पाठ केले. दोरा ब्लाउजमध्ये खोचला. सेलू रोड स्टेशनला गाडी थांबली तेव्हा काढून हातावर गुंडाळून पाहिला... बरोबर होता. लेकराचाच होता.

दुकानात शेठजींनी तो गजावर धरला आणि मला ओळखलं. "बहनजी, पुन्हा तुम्ही? पस्तीस आहे."

गाठी माझ्याच होत्या. दोरा माझाच, लाल, टोकाला मीच मेण लावलेलं. मी कितीतरी वेळ तो हातात घेऊन उभी होते. अशा गोष्टींत लोक लिहितात ना, अंगावर काटा आला, पायाखालची जमीन सरकली... तसं काही झालं नाही हो. काहीच वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्यावर त्यावर कोणी पाय दिला तरी कळत नाही, तसं. मी पाठ केलेल्या आकड्यांवरून संजूसाठी हनुमानाचा ड्रेस घेतला, शेपटी नीट तारेची आहे ना ते तपासलं, आणि आले.

आत्याबाई ओट्यावर वाट पाहत होत्या. "किती?"

"पस्तीस."

"भरून राह्यला," त्या म्हणाल्या. "मांगच्या सालापेक्षा भरला मधू."

नाव त्यांनी असं घेतलं की जणू तो शेजारच्या खोलीत झोपलाय. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. मी म्हणणार होते, आत्याबाई, असं काही नसतं. तोंड उघडलंही. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मिटलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भाकर मागून घेतली.

तिसऱ्या वर्षी मी टेपनंच माप घेतलं आणि म्हटलं, आता दोऱ्याची कटकट नको. तर आत्याबाई स्वतः दोरा घेऊन आल्या. "या दोऱ्यानंही घे संजूचं माप. नेजो. अना सुमन... जे भरन, त्या मापाचाही एक ड्रेस आणजो."

"मोठ्या माणसाचा? कशाचा?"

"मले काय समजते त्यातलं? त्याले जे शोभन ते."

या वेळी मी यांना सोबत ओढलं. नको म्हणत होते, पण म्हटलं, तुम्ही गणिताचे मास्तर ना, या, करा हिशेब. दुकानात शेठजींनी दोरा गजावर धरला. छत्तीस. मग ह्यांच्याकडे पाहून हसले. "साहेबांसाठीच आहे वाटतं!" आणि दोरा ह्यांच्या छातीभोवती गुंडाळला. दोन बोटं कमी पडला. खांद्याला लावून सोडला तर लांबीची गाठ ह्यांच्या घोट्याच्या खाली गेली. "नाही, तुमच्यापेक्षा उंच आहे, अंगानं बारीक. भाऊ का? भाऊच असणार."

हे दुकानाबाहेर गेले. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती.

आता निवडायचं मला होतं. जन्मात न पाहिलेल्या दिराला काय शोभेल? शेठजी माळ्यावरून एकेक खाली टाकत होते. हा रामाचा घ्या, उंच माणसाला राम चांगला. चेहरा कसा आहे, गोरा की सावळा? मी म्हटलं, माहीत नाही. मिशी ठेवतो? माहीत नाही. पोट? नसेल. शेठजी वैतागले, "बहनजी, तुम्ही भाऊजीला कधी पाहिलं तरी आहे का?" मी म्हटलं, नाही. त्यांना ती थट्टा वाटली. पोलिसाचा खाकी ड्रेस समोर आला तो मी दूर सारला. वकिलाचा काळा कोट, सरदाराचा चिलखती अंगरखा, साधूची कफनी... साधूची तर मी हातातही घेतली नाही. मग नवरदेवाचा एक ड्रेस निघाला, नाटकातला. बदामी शेरवानी, गुलाबी फेटा, मोत्यांच्या मुंडावळ्या. मनात आलं, या वयाच्या पोराचं आईनं दुसरं काय पाहिलं असतं? तोच बांधायला सांगितला.

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "घाम आला होता हाताला. त्याच्या की माझ्या, तेवढं आठवत नाही." बस. संसाराच्या सगळ्या वर्षांत या विषयावर त्यांनी उच्चारलेलं हे एकच वाक्य. मी त्यांचा हात धरला. गाडीत सगळ्यांसमोर... तेव्हा असं कोणी करत नसे.

आत्याबाईंनी शेरवानी मांडीवर पसरली, गुंडीन्‌गुंडी चाचपली. "बरोबर आणलं तू. लगन झालं असन त्याचं," म्हणाल्या. आणि घडी करून पेटीत ठेवली.

त्यानंतर दर वर्षी हे झालं. पोळा जवळ आला की आत्याबाई दोरा घेऊन यायच्या. संजूला हसू यायचं, आजी त्याचं माप घ्यायला लावते म्हणून. पुढच्या वर्षीपासून त्या कमरेचीही गाठ मारायला सांगू लागल्या. दुकानात कंबर भरली जास्त. घरी आल्यावर मी सांगितलं, तर आत्याबाई चक्क हसल्या. "पोट सुटलं! बायको चांगलं खाऊ घालून राह्यली मंग. कोठची करून आणली काय माईत, नागपूरकडची असन, तिकडे तेल लय." मामंजी पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "तू नाई काय मले घातलं खाऊ? माह्यं कोठं सुटलं?" आत्याबाई म्हणाल्या, "तुमच्या अंगाले काई लागत नाई, तुमी कंजूस." मी चुलीपाशी बसून ऐकत होते. त्या घरात थट्टा!

तुम्ही म्हणाल, बाई, म्हातारीच्या समाधानासाठी तू खोटंच सांगत होतीस. नाही. तो दोरा मी दर वर्षी दुकानातून तसाच्या तसा आणायचे आणि त्या हातात घ्यायच्या. तिथे खोटं चालत नव्हतं. आणि कोणी मला लिहू नका की सुतळी दमट हवेत ताणली जाते. मी शिवणारी बाई आहे. दोरा ताणतो तो दोन बोटं, हातभर नाही.

मग एक वर्ष दोरा आखडला. छाती पुन्हा चौतीस, कंबर तर कितीतरी कमी. उंची तीच. शेठजी म्हणाले, "भाऊजींची तब्येत बिघडली का?" मी परत येताना गाडीत ठरवलं, सांगायचं नाही. पण त्यांनी दोरा हातात घेतला, गाठींवरून बोटं फिरवली. "वायला हा," म्हणाल्या, म्हणजे वाळला. "बिमार हाय." त्या वर्षी संजू पोळ्यात शेतकरी होऊन गेला, बैलाच्या शिंगांना बेगड लावून. आत्याबाईंनी दाराआडून पाहिलं. त्यानंतर त्या सोमवार धरू लागल्या, मग शनिवार. मी म्हटलं, तुम्ही उपाशी राहून तो कसा जाड होईल? म्हणाल्या, "तुले दुसरं काई सुचते काय करासाठी? सुचत असन तं सांग." 

पुढचं वर्ष म्हणजे ब्याऐंशी. संजू दहा वर्षांचा होता. म्हणाला, आई, हा शेवटचा हं, आता मोठा झालो. मला मावळा व्हायचंय. आत्याबाई दोरा घेऊन आल्या. मी माप घेतलं, गाठी मारल्या. वर्ध्याला गेले.

शेठजींनी दोरा गजावर धरला आणि मोठ्यांदा म्हणाले, "वा बहनजी! आज बरोबर माप आणलं! पंचवीस. हा झाला बच्चा!" ते खरोखर खूश झाले. दुकानातल्या पोऱ्याला म्हणाले, काढ रे मावळ्याचा, बहनजींना आज माप जमलं.

मी पर्समधून टेप काढली. पंचवीस. संजूची छाती सकाळी पंचवीसच होती. लांबी संजूची. कंबर संजूची. मी शेठजींना म्हटलं, पुन्हा धरा. त्यांनी धरला. म्हटलं, पुन्हा. ते म्हणाले, "अहो, बरोबर आहे की! तुम्हाला हेच पाहिजे होतं ना इतकी वर्षं?"

मावळ्याचा ड्रेस घेतला. पांढरा अंगरखा, भगवी पगडी, कमरेला शेला. दुकानाबाहेर येऊन पायरीवर बसले. मधूभाऊजींना मी पाहिलं नव्हतं, त्यांचा आवाज ऐकला नव्हता. तरी मला बसावं लागलं. एक बाई थांबून म्हणाली, चक्कर आली काय वो? मी म्हटलं, नाही, गाडीला वेळ आहे.

आत्याबाई ओट्यावर होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात पुढे केला. दोरा दिला. संजूला बोलावलं, त्याच्या छातीभोवती लावला. गाठ टोकाला बरोबर भिडली. खांद्यापासून सोडला, गाठ घोट्यावर आली. त्यांनी पुन्हा एकदा लावून पाहिला. संजू म्हणाला, आजी, गुदगुल्या होतात. "झालं, झालं," म्हणाल्या. मग मला, "ड्रेस चांगला हाय. पगडी जराशी घट करजो, पडन."

एवढंच. मी वाट पाहत होते, त्या काही म्हणतील.  दोन दिवसांनी पोळा झाला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी त्यांनी स्वतः संजूला नटवलं. कपाळाला गंध लावलं, काजळाची तीट लावली, शेला कमरेला आवळून बांधला. आणि त्या दिवशी आमचं दार त्यांनी सताड उघडं ठेवलं. लेकरं आली, त्यांनी एकेकाला बोजारा दिला, एकेकाच्या बैलाला हात लावला. शेजारच्या ताई माझ्या कानात म्हणाल्या, "सुमन, म्हातारी बदलली वो!" नटलेल्या लेकरांत संजूचा नंबर आला, बक्षीस म्हणून तांब्याचा पेला मिळाला. त्यांनी त्याला समोर बसवून पुरणपोळी खाऊ घातली, तुपाची धार धरली. दिवसभर त्यांच्या डोळ्याला पाणी नाही, आवाजात फरक नाही. मी मात्र दिवसभर त्यांच्या मागे मागे फिरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संजू शाळेत गेला. आत्याबाईंनी त्याला गल्लीच्या वळणापर्यंत जाताना पाहिलं. मग मागे विहिरीवर गेल्या, बादली ओढली, आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतली. थंड पाणी. दुसरी बादली ओढली, तीही ओतली.

मामंजी धावत आले. "काऊन वो? काय झालं?"

"तुमीही घ्या डोक्यावरून पाणी," आत्याबाई म्हणाल्या. "मधू गेला आपला."

मामंजी म्हणाले, "कोणी सांगतलं? कधी?"

"मले समजून चार दिस झाले. लेकराचा सण होऊ देल्ला. सणात सुतक आणलं असतं तं त्याचाही पोळा गेला असता जलमभर."

चार दिवस. चार दिवस त्या बाईनं ते पोटात ठेवलं होतं आणि वर गावातल्या लेकरांना खाऊ वाटला होता. मला वाटलं होतं, त्या घरात सगळ्यांत बधिर तीच.

हे शाळेत जायला निघाले होते. शर्ट-पँट, हातात डबा. डबा खाली ठेवला आणि तसेच येऊन आईसमोर वाकून बसले. आत्याबाईंनी तिसरी बादली त्यांच्या डोक्यावर ओतली. त्यांच्या पाठीवर हात फिरवत होत्या. "तुह्या हातून नाई गेला रे तो. तो जगला चांगला. त्याचं लगन झालं, पोट सुटलं होतं त्याचं," असं म्हणत होत्या. मोठ्या माणसाला तसं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मामंजी हळू आवाजात म्हणाले, "मंग भटजीले सांगतो. पुतळा करा लागन ना आता."

"पुतळा कायले?" आत्याबाईंनी ओला पदर पिळला. "त्याची बायको हाय, लेकरं असतीन. त्याचं त्यांनी केलं असन तिकडे सारं. आपण नुसतं न्हायाचं."

आता म्हणाल, याचा अर्थ काय? मला माहीत नाही. मधूभाऊजींची बातमी कुठूनही, कधीही आली नाही. आत्याबाई गेल्या, हे गेले, संजूला आता जावई आलाय. मी शिकलेली, तोंडाळ, कशावर विश्वास न ठेवणारी बाई... मला त्या दोऱ्याचं उत्तर सापडलं नाही आणि आता शोधायची ताकदही नाही. त्या सकाळी मी आत्याबाईंना म्हणू शकले असते की दोऱ्यावरून कोणी मरत नाही. म्हटलं नाही. विहिरीपाशी गेले, माझी बादली मी ओढली आणि दिराच्या नावानं आंघोळ केली.